बुडवून ठेवलेली होडी

"मॅडम, तुमची होडी वर आली."

तेजश्री ओव्हाळनं दौंडच्या ऑफिसात नुकताच डबा उघडला होता. फोनवर शिरूरकडचा हवालदार संपत बोलत होता आणि दुसऱ्याची फजिती सांगताना येतो तसा उत्साह त्याच्या आवाजात होता.

"कुठली होडी?"

"चांगुणाबाईची. वादळात वाहून गेली म्हणून जिची भरपाई द्यायला तुम्ही निघालाय, ती. कुठं वाहून गेली न्हाई. हितंच वढ्याच्या तोंडाला बुडालेली हाय. आन् आपणहून बुडालेली न्हाई. पोटात दगडं भरल्यात."

"कोणी हात लावलाय?"

"न्हाई. पर लवकर या. तुम्ही लेखी द्या, मग बाईला ठाण्यात नेतो. समदी वस्ती वाट बघतीया."

तेजश्रीनं डबा बंद केला. विमा सर्व्हेअर म्हणजे लग्नातला असा पाहुणा, की ज्याला मुलीकडचे मुलाकडचा समजतात आणि मुलाकडचे मुलीकडचा. जेवायला कोणीच बसवत नाही. आता तर तिच्यावर एका बाईला तुरुंगात धाडायची जबाबदारी येऊन पडली होती, आणि तेही उपाशीपोटी. तिनं स्कूटर काढली.

घोड धरणाचं पाणी कालव्याला सुटलं होतं. उन्हाळी आवर्तन. काठ रोज मागं सरत होता आणि वर्षभर झाकलेलं बरंच काही उघडं पडत होतं. बाभळीची खोडं, फाटकी जाळी, दारूच्या बाटल्या. ओढ्याच्या तोंडाशी गढूळ पाण्यातून एक निळं नाक बाहेर आलं होतं. भरदुपारच्या उन्हात सगळी वस्ती ते बघायला उभी होती.

"आल्या कंपनीच्या बाई," कोणीतरी तिला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणालं.

"आडनाव काय म्हणायचं?" दुसऱ्यानं विचारलं.

"ओव्हाळ."

"हां," तो म्हणाला. त्या एका 'हां'मध्ये त्याला जे समजून घ्यायचं होतं ते त्यानं घेतलं. असले 'हां' तेजश्री लहानपणापासून ऐकत आली होती. तिनं चपला काठावर काढल्या, सलवार गुडघ्यापर्यंत दुमडली आणि ती चिखलात उतरली.

चांगुणा एका बाजूला एकटीच उभी होती. नवरा रविराज काविळीनं गेला, तेव्हापासून ती एकटीच जाळी टाकत होती आणि म्हाताऱ्या सासऱ्याला सांभाळत होती. ती पुढं सरकली तसा संपत खेकसला, "ए बाई, मागं हो. पुरावा हाय त्यो."

"म्या पुसून टाकीन व्हय दगडं?" चांगुणा म्हणाली. पण ती थांबली.

होडीजवळ पाणी गुडघाभर होतं. फायबरची होडी आपणहून तळाला जात नाही, तिच्या बाकांखाली हवेच्या बंद पेट्या असतात. म्हणजे हे माणसाचं काम, यात शंका नव्हती. तेजश्रीनं होडीभोवती फेरी मारली. दगड फेकलेले नव्हते, मांडलेले होते. मोठे मधोमध, लहान कडेला. मागच्या बाजूला तळाशी पाणी काढून टाकायचं बूच होतं, ते घट्ट बसलेलं होतं. पुढच्या कडीतून दोर काढून तो बाभळीच्या खोडाला नीट बांधला होता. इंजिन मात्र नव्हतं. ते कोणी उपटलं नव्हतं, पकडीचे स्क्रू सोडवून काढून नेलं होतं.

मग तिनं एका दगडाखाली हात घातला. बोटांना काहीतरी भरड लागलं. गोणपाट. दुसऱ्या दगडाखाली गोणपाट, तिसऱ्याखालीही गोणपाट. सगळ्या तळावर ते अंथरलं होतं.

तिनं हात ओढणीला पुसला आणि कोणालाच काही सांगितलं नाही.

"झालं का बघून?" पांढऱ्या कपड्यांतले बबनराव मोटरसायकलला टेकून उभे होते. धरणाच्या काठानं त्यांचा मोठा ऊस होता, आणि पाणी वापर संस्थेचं चेअरमनपदही त्यांच्याकडंच होतं. "ह्यात बघण्यासारखं काय हाय? बाईनं इंजन विकलं, होडी बुडिवली आन् तुमच्याकडं रडत आली."

"तुमचं आणि त्या होडीचं भांडण होतं म्हणे."

"व्हतं की. तिच्या पंख्यानं माझ्या पंपाची केबल तोडली. होडी जाळीन म्हणलो व्हतो. चारचौघांत म्हणलो. आजबी म्हणतो."

"मग जाळली का नाही?"

"जाळायची आसती तर जाळली आसती. लपवून ठिवायला मी काय चोर हाय?" बबनरावांचा आवाज चढला. "आन् लपवायचंच तर हितं लपवीन? आवर्तन कवा सुटणार, काठ कुठवर उतरणार, हे म्याच पुकारलं. वादळाच्या आधीच, रिक्षावर भोंगा लावून. समद्या वस्तीनं ऐकलं. ह्या बाईनंबी."

"ऐकलंस?" तेजश्रीनं वळून विचारलं.

"भोंगा कानात घुसत व्हता. न ऐकून सांगते कुणाला," चांगुणा म्हणाली.

तिचा सासरा सावळाराम बाभळीखाली तंबाखू मळत बसला होता. नजर शाबूत होती, हात मात्र थरथरत होते. तंबाखू निम्मी तळहातावर आणि निम्मी धोतरावर पडत होती.

"आबा, होडी तुमच्या नावावर आहे. पॉलिसीही."

"कागदावर. मच्छीमार संस्था बायामाणसाला सभासद करत न्हाई."

"म्हणजे भरपाई तुम्हाला मिळणार होती. चांगुणाला नाही."

"मग? म्या बुडिवली म्हणतीस?" म्हाताऱ्यानं पिचकारी टाकली, ती तिच्या पायाजवळ पडली. "वल्हं उचलंना मला. दगडं काय उचलू!"

"तसं नाही म्हणत. तुमचा जन्म लाकडी होडीवर गेला. उन्हाळ्यात ती कुठं ठेवायचात?"

एवढ्या वेळात पहिल्यांदाच म्हाताऱ्याचा चेहरा जरा सैल पडला.

"पाण्याखाली. लाकूड उन्हात वाळलं का फळ्या आखडत्यात, फटी पडत्यात. म्हणून उथळ जागा बघायची, होडी पाण्यानं भरायची, वर दगडं मांडायची, आन् ठिवायची बुडवून. लागंल तवा काढायची. लाकूड कसं टच्च. आमच्या बापानं मला शिकवलं, म्या रविराजला आन् मच्छिंद्रला शिकवलं. हिला काय सांगायचं? हिनं माझी होडी सरपणाला विकली आन् हे पिलाष्टिक आणलं."

"सडली व्हती ती," चांगुणा लांबूनच म्हणाली. "तुमचा ल्योक दिसभर पाणीच उपसायचा."

"बघ! अशी बोलती. भाकरी वाढती पर शिव्यासंगट वाढती."

तेजश्री चांगुणाकडं गेली. जवळून बघितल्यावर दिसलं की तिचे डोळे कोरडे होते आणि जबडा घट्ट मिटलेला होता. रडली असती तर वस्तीनं कदाचित थोडी दया दाखवली असती. पण ती रडणाऱ्यांतली नव्हती, आणि लोकांना त्याचाच जास्त राग होता.

"तू म्हणाली होतीस म्हणे, बुडू दे मेली एकदाची."

"म्हणले. रोज म्हणते. होडी घ्यायची एकदा आसती, पर तिला खायला रोज घालावं लागतं. इंजनाला ऑइल, प्लग. पंखा दगडाला लागला का नवा पंखा. तळ घासला का फायबरचा प्याच. परवाना नवा करा, संस्थेची वर्गणी भरा, ठेक्यातला वाटा द्या. आन् त्याच्यावर तुमचा विम्याचा हप्ता. बुडाली तर तुम्ही देणार. आन् न बुडता ती मला रोज बुडवती, त्याचा विमा हाय का तुमच्याकडं? चार आण्याची कोंबडी आन् बारा आण्याचा मसाला! पर ताई, मसाला महाग झाला म्हणून कोंबडी कुणी हिरीत टाकत न्हाई."

तेजश्रीला हसू आलं, पण तिनं ते गिळलं.

"यंदाचा हप्ता तू भरलास?"

"न्हाई. यंदा विमा नगंच म्हणले व्हते. मच्छिंद्र भावजींनी भरला. आपणहून."

"दरवर्षी तेच भरतात?"

"कुठलं! आजवर प्लगला पैसं दिलं न्हाई कवा. यंदा काय माया आली कुणास ठावं. हिवाळ्यात होडी मागत व्हते. भीमेच्या फुगवट्यावर पक्षी बघायला पावणे येत्यात, त्यास्नी फिरवायला. म्या न्हाई दिली. म्या काय खाऊ मग?"

"एक सांग. तुला बुडवायची असती तर कशी बुडवली असतीस?"

चांगुणानं तिच्याकडं असं बघितलं की आता ही चिखल फेकून मारते की काय, असं वाटलं.

"तुम्हीबी त्यातल्याच! बुडवायची आसती तर आधी मागचं बूच काढलं आसतं. पाणी आपोआप भरलं आसतं. आबा सांगत्यात तशी बादलीनं पाणी भरत बसले आसते व्हय?"

तेवढ्यात रस्त्यावर मोटरसायकल थांबली. कंपनीचा निळा शर्ट घातलेला एक माणूस उतरला आणि लगबगीनं काठाकडं आला. मच्छिंद्र. सावळारामचा धाकटा मुलगा. कुरकुंभच्या एका कारखान्यात शिफ्टला होता आणि तिथंच खोली घेऊन राहत होता.

"वैनी, घाबरू नगा, मी हाय," तो म्हणाला. मग त्यानं तेजश्रीला हात जोडले. "मॅडम, बाईमाणूस हाय. खर्चानं पिचली आसंल, झाली आसंल चूक. जरा समजून घ्या."

वस्तीत चांगुणाशी गोड बोलणारा तो एकटाच निघाला. चांगुणा मात्र त्याच्याकडं बघतच राहिली. 'झाली आसंल चूक' हे तिच्या गळ्याखाली उतरत नव्हतं.

"वादळ झालं त्या दिवशी कुठं होता?" तेजश्रीनं विचारलं.

"सुट्टी व्हती. आबांना भेटलो आन् दुपारीच गेलो. वादळ झालं तवा मी खोलीवर."

"इकडं फार येणं होत नाही?"

"कुठलं, मॅडम. कुरकुंभला गेलो आन् पाण्याचा संबंध सुटला. धरणात पाणी किती, कवा सोडत्यात, काय ठावं नसतं."

"यंदाचा हप्ता तुम्ही भरलात."

"घरचं म्हणून भरला. भाऊ न्हाई राह्यला."

तेजश्रीनं मान डोलावली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशी बोलायला लागली.

"हवालदार, लिहून घ्या. होडी भंगारात गेली. कोणी तरी मोठे दगड तसेच तळावर टाकलेत. फायबर आरपार तडकलंय. ज्यानं हे केलं त्याला होडीतलं काही म्हणजे काही कळत नाही."

बाभळीखालून सावळाराम उसळला. "नुसती दगडं? तशीच? आरं कुठल्या गाढवाचं काम हे! खाली गोणपाट हातरल्याबिगर होडीत दगूड ठिवायचा नसतो, हे आमच्या पाळण्यातल्या पोरालाबी कळतंय!" मग त्याची नजर धाकट्या मुलावर गेली. जुना राग होता तो, फक्त निमित्त हवं होतं. "तुझ्यासारखा कुणीतरी आसंल! पाणी सोडून कारखान्याची हमाली करणारा! जल्मभर शिकवलं, पर पालथ्या घड्यावर पाणी!"

"हातरलं व्हतं की गोणपाट!" मच्छिंद्र ओरडला. "समद्या तळावर हातरलं व्हतं!"

बबनरावांनी मोटरसायकलवरचा हात काढला. मच्छिंद्रचं तोंड उघडंच राहिलं होतं, आणि आता ते मिटून काही उपयोग नव्हता.

"हो, अंथरलंय," तेजश्री म्हणाली. "दगडाखाली हात घातला तेव्हा मला लागलं. फायबर तडकलेलं नाही, साधा ओरखडासुद्धा नसेल. खोटं मी बोलले. पण गोणपाट आहे, हे माझ्याशिवाय इथं कोणालाही ठाऊक नव्हतं. फक्त ज्यानं अंथरलं त्याला होतं."

"आसं कसं म्हणता," संपत चाचरला. बाईला न्यायचं त्यानं मनात पक्कं केलं होतं आणि माणूस बदलणं त्याला जड जात होतं. "आबाबी हायेत की जुने होडीवाले."

"म्हणूनच सगळ्यांना विचारत बसले. ही होडी कोणाला मोडायची नव्हती. मोडायची असती तर कुऱ्हाड होती, काडेपेटी होती. बबनरावांनी तेच केलं असतं. पण कोणी तरी ती बांधून, दगड मांडून, तळ जपून ठेवली. पुन्हा वर काढायची होती म्हणून ठेवली. होडी अशी ठेवायची रीत लाकडाची आहे. फायबरला तिचा काही उपयोग नाही, त्याला ना फळ्या, ना फटी. पण हाताला लागलेली सवय सुटत नाही. चांगुणा लाकडाच्या होडीवर कधी गेलीच नाही, तिनं आधी बूच काढलं असतं. बूच जागच्या जागी आहे. लाकडी होडीला बूच नसतं, म्हणून त्या माणसाला ते सुचलंच नाही. म्हणजे जुन्या रीतीचे दोघंच उरले. आबा आणि त्यांचा मुलगा."

"आन् आबा का न्हाई?" बबनरावांनी विचारलं. त्यांचा आवाज आता बराच खाली आला होता.

"एक तर त्यांचे हात बघा. दुसरं तुम्हीच सांगितलंत. पाणी सुटणार हे सगळ्या काठाला वादळाच्या आधीच माहीत होतं. इथं राहणारा कोणीही होडी ओढ्याच्या तोंडाला, उथळ पाण्यात लपवणार नाही. चार दिवसांत ती उघडी पडणार हे पोरासोरांना कळतं. ज्यानं भोंगा ऐकला नाही, असाच माणूस ही चूक करेल. लाकडाची होडी ठाऊक, पण काठावर राहत नाही. असा एकच जण आहे."

संपतनं मच्छिंद्रच्या दंडाला धरलं.

"आजवर प्लगलाही पैसे न देणाऱ्यानं यंदा आपणहून हप्ता भरला," तेजश्री पुढं म्हणाली. "मग वळवाच्या वादळाची वाट बघितली. ते आलं, आणि त्याच संधीला होडी बुडवून ठेवली. भरपाई आबांच्या नावानं येणार, म्हणजे याच्या हातात. ती मिळाली की पावसाळ्याआधी होडी काढायची आणि भीमेवर पाहुण्यांना पक्षी दाखवायला न्यायची. पैसेही आणि होडीही. इंजिन कुठंय, मच्छिंद्र?"

मच्छिंद्रनं चांगुणाकडं बघितलं. त्याच्या चेहऱ्यावरचं गोड सगळं उतरलं होतं.

"खोलीवर. खाटंखाली." मग तो एकदम भडकला. "माझ्या बापाचं पाणी हाय हे! भाऊ गेला तवा धंदा माझ्याकडं यायला पायजे व्हता. मी तिथं केमिकलचा वास पितोय आन् ही परक्याची पोर माझ्या बापाच्या जागेवर राणी व्हऊन बसलीया!"

"तुला नेत व्हते मी," चांगुणा म्हणाली. "रविराज गेल्यावर तुझ्या पाया पडले, चल जोडीनं जाळी टाकू म्हणून. हाताला माशाचा वास येतो म्हणालास. आन् आज मला जेलात जाताना बघत व्हतास. वर म्हणतोस, झाली आसंल चूक."

"तुला जेलात धाडायचं माझ्या मनात न्हवतं. होडी वर यायलाच नगं व्हती."

"कुंपणानंच शेत खाल्लं म्हणायचं," बबनराव पुटपुटले. तासाभरापूर्वी तेच बाईला ठाण्यात धाडायला निघाले होते, हे त्यांना आठवत नव्हतं. मघाचा 'हां'वाला माणूसही आता तेजश्रीची नजर चुकवत होता. माफी कोणी मागितली नाही. या काठावर माफी मागायची पद्धतच नव्हती.

संपत मच्छिंद्रला घेऊन जीपकडं गेला. सावळारामनं मुलाला हाक मारली नाही. तो खाली बसला आणि तंबाखूची डबी उघडायचा प्रयत्न करत राहिला.

दगड काढले, पाणी उपसलं. होडी हलली आणि तरंगली. तळ खरंच धड होता. चोरानं तिला मालकिणीपेक्षा जास्त जपून ठेवलं होतं.

"क्लेम रद्द होईल," तेजश्री चांगुणाला म्हणाली. "होडी आहे, इंजिनही मिळेल."

"म्हंजी परत ऑइल, परत प्याच, परत हप्ता."

"हो."

सावळाराम उठून पाण्याजवळ आला. होडीच्या कडेवरून त्यानं हात फिरवला आणि सुनेकडं न बघताच म्हणाला, "जाळी भर. सांज व्हायच्या आत टाकून ये."

चांगुणानं वल्हं उचललं, म्हाताऱ्याच्या पायाशी नेऊन ठेवलं आणि हात झटकले.

"तुमची होडी. तुम्ही वल्हवा."

"काय?"

"कागदावर तुमचीच हाय नव्हं? खर्च माझा, घाम माझा, चोर म्हणून नाव माझं, आन् होडी तुमची. आता न्हाई. होडी माझ्या नावावर करा. न्हाई तर मी पाण्यात पाय घालत न्हाई."

म्हाताऱ्यानं जीपकडं बघितलं. जीप धूळ उडवत शिरूरच्या रस्त्याला लागली होती. मग त्यानं वल्ह्याकडं बघितलं, आणि मग स्वतःच्या हातांकडं. चांगुणा नसली तर ह्या घरात चूल पेटणार नाही, हे तिला ठाऊक होतं, आणि तिला ठाऊक आहे हे त्यालाही ठाऊक होतं.

"कंपनीच्या बाई," तो तेजश्रीला म्हणाला, "आसं लिहून देता येतं का?"

"येतं. मालक म्हणून तिचं नाव तुम्ही लिहून द्या, मग पॉलिसीवरही बदलता येईल. संस्थेशी भांडण वेगळं, ते तिचं ती भांडेल."

"भांडायला काय, जल्मतःच शिकून आलीया," सावळाराम म्हणाला. त्यानं नाक शिंकरलं आणि सुनेकडं बोट रोखलं. "आण कागद. करतो सही. पर त्या घराचा उंबरा वलांडायचा न्हाई मग. पोटचा पोर जेलात घातलास तू माझा."

चांगुणानं वाकून वल्हं उचललं.

"घर ठिवा तुम्हाला," ती म्हणाली. "मला होडी पायजे."